तोंडाशी तेहतीस अंश

मृणाली उरकुडे कुणाच्याही घरात शिरली, की आधी डब्याच्या मागे हात घालायची. चहापाणी, ख्यालीखुशाली नंतर. भिंत आणि डबा यांच्यामध्ये तिची वीत पसरून बसली तर ठीक. नाही बसली, तर त्या घराची खैर नसे.

"काकू, एक वीत जागा सोडायची म्हणून सांगितलं होतं ना?"

"सोडली होती बाई. झाडताना सरकतो तो मागं."

"आणि वर हे काय? पापड?"

"गरम असते ना वरून. लवकर वाळतात."

पापड उतरायचे, डबा पुढे ओढला जायचा, जाळीवरची धूळ ब्रशने निघायची, आणि मृणाली पुढच्या घरी. धामणखेडच्या बायका तिला हवावाली मॅडम म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

डबा म्हणजे गृहगणक. दिसायला साधा डेस्कटॉप कॉम्प्युटर, फक्त पडदा नसलेला. पुढच्या जाळीवर एक दिवा: डबा नीट चालत असला की हिरवा, तापायला लागला की पिवळा, तापून मंदावला की लाल. कोळसाखाणींच्या या गावात असे चार हजार शंभर डबे होते आणि त्यांचं काम एकच होतं, आपल्या गल्लीत पुढच्या सहा तासांत माणसाला सोसणार नाही इतकं तापणार आहे का, हे सांगायचं.

त्याची गरज का पडली, ते दोन हजार सदतीस सालच्या मे महिन्याने दाखवून दिलं होतं. त्या महिन्यात धामणखेडमध्ये एकसष्ट माणसं उष्माघाताने गेली आणि त्यातली चोपन्न आपापल्या घरात गेली. हवामानाचा अंदाज सगळ्या गावाला एकच आकडा सांगायचा, तोही मोकळ्या मैदानात, सावलीत मोजलेला. पण पत्र्याखालची खोली आणि स्लॅबखालची खोली यांत सात-आठ अंशांचा फरक असतो. प्रत्येक घराचं ऊन वेगळं. ते मोजायचं तर घरातच मोजायला हवं, आणि त्याचं गणितही घरातच व्हायला हवं, कारण मे महिन्यात जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच वीज जाते, नेट जातं. डब्याला स्वतःची बॅटरी होती. शेजारच्या डब्यांशी तो छोट्या रेडिओवरून बोलायचा. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की गल्लीच्या खांबावरचा भोंगा वाजायचा, लोक घराबाहेर पडायचे आणि त्यांना न्यायला गार हवेच्या थंडगाड्या यायच्या. आणि एखाद्या गल्लीतले निम्म्याहून जास्त डबे पूर्ण बंद पडून मुके झाले, तर तिथे काहीतरी भयंकर घडतंय असं धरून भोंगा आपोआप वाजायचा. गेल्या दोन उन्हाळ्यांत मिळून फक्त चार माणसं गेली होती.

अडचण एकच होती. गणित करणारं यंत्र स्वतः तापतं. ते जेवढी वीज खातं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डबा तोंडाने गार हवा आत ओढायचा आणि पाठीने गरम हवा टाकायचा. तो कपाटात कोंबला, कोपऱ्यात सरकवला, फ्रीजला चिकटवला, की स्वतःचीच टाकलेली हवा पुन्हा ओढायचा. मग तो जळू नये म्हणून आपला वेग कमी करायचा. वेग कमी झाला की उत्तर उशिरा यायचं, आणि उशिरा आलेलं उत्तर इतर डबे जमेस धरत नसत. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ऊन, तिथलाच डबा गप्प. म्हणून डबा कुठे ठेवायचा याला इतकं महत्त्व. 'गृहगणकाची मांडणी' ही आठ पानांची पुस्तिका उष्मासूचना केंद्रासाठी मृणालीनेच लिहिली होती. तोंड मोकळ्या बाजूला, पाठ भिंतीकडे, मध्ये एक वीत, जमिनीपासून गुडघाभर उंच. तापमान आणि दमटपणा मोजणारा संवेदक कुठे असावा, हेही तेव्हा तिलाच विचारलं होतं. डबा खोलीचीच हवा ओढतो, तर संवेदक जाळीच्या आत, तोंडाशीच असू दे, असं ती म्हणाली होती. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

मृणालीची आई खदान लाईनमध्ये राहायची. कामगारांच्या जुन्या पत्र्याच्या चाळी, सेहेचाळीस घरं. शशिकलाबाईंनी सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती, आणि एकोणसत्तराव्या वर्षीही त्यांचा आवाज भरलेल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचेल असा होता. मृणालीचा फ्लॅट गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्लॅबचा, थंड. तिकडे चल म्हटलं, की त्या म्हणायच्या, "तिथं जाऊन मी करू काय? भिंतीशी बोलू?"

डबा बसवायला मृणाली आली, तेव्हा आईने देवाच्या फळीखालची जागा झाडून, रांगोळी काढून ठेवली होती.

"आई, इथे नाही चालणार. वर फळी आहे, बाजूला कपाट. कोंडेल तो."

"मग कुठं?"

मृणालीने खोली बघितली. दहा बाय बाराची. हवेची एकच जागा होती, खिडकीजवळची, आणि तिथे आईची खाट होती.

आईने ते ओळखलं. "घे सरकवून," त्या म्हणाल्या. "मले काय, मी कुठंही पडते."

खाट आतल्या भिंतीकडे गेली. डबा खिडकीजवळच्या ठेंगण्या टेबलावर बसला, तोंड खोलीच्या मोकळ्या बाजूला. मृणालीने मागे वीत घातली, आणि तिला समाधान वाटलं. आपल्या आईच्या घरात तरी मांडणी अगदी पुस्तिकेसारखी झाली.

त्यानंतर एक गोष्ट हळूहळू बदलली. मृणाली आधी आईला रोज दुपारी फोन करायची. आता कार्यालयातल्या पडद्यावर गावातले सगळे डबे दिसायचे. खदान लाईन, घर क्रमांक एकतीस. एकतीस अंश. बत्तीस अंश. हिरवा दिवा. ती चहा पिता पिता तो आकडा बघायची आणि पुढच्या कामाला लागायची. फोन दिवसाआड झाला, मग आठवड्यातून दोनदा.

एकेचाळीस सालचा मे पहिल्या आठवड्यातच सत्तेचाळीसवर गेला. खदान लाईनसारख्या वस्त्यांमधले डबे धडाधड लाल व्हायला लागले. केंद्राचे प्रमुख प्रशांत बल्की हे वाईट माणूस नव्हते. सदतीस साली त्यांचे स्वतःचे काका गेले होते. लाल ठिपके बघून ते बेचैन व्हायचे.

"उरकुडे मॅडम, एकशे ऐंशी डबे मंदावलेत. आपण आंधळे होत चाललोय. काहीतरी करा."

मृणालीने संदेश लिहिला. 'आपला गृहगणक तापला आहे. आपल्या गल्लीच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या तोंडाशी गार हवा राहील अशी व्यवस्था करा.' फोनवरून ऐकवायला तिनेच तो आपल्या आवाजात वाचला, म्हणजे लोकांना ओळखीचा वाटेल.

दोन दिवसांत लाल ठिपके वीसवर आले. चौथ्या दिवशी एकही उरला नाही.

बल्की साहेबांनी सगळ्यांना ताक पाजलं. "खदान लाईन बघा! बाहेर सत्तेचाळीस आणि घरात तेहतीस. तुमच्या आईचं घर तर पहिला नंबर."

मृणाली हसली. पण जागेवर येऊन बसल्यावर तिने तो आकडा पुन्हा एकदा बघितला. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, चाकांचा एक छोटा कूलर. तेहतीस? तिने स्वतःला समजावलं. आई शिस्तीची आहे. खिडकीला पडदा लावला असेल, पत्र्यावर पाणी मारलं असेल.

एकोणीस तारखेला दुपारी दीड वाजता तिने सहज म्हणून तापमानाऐवजी दमटपणाचा रकाना उघडला. बाहेरची हवा कोरडी ठाक होती, नऊ टक्के. आईच्या घरात अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या तिसाव्या घरात एक्क्याऐंशी. त्यापुढच्या घरात सत्त्याहत्तर. सगळी गल्लीच तशी.

इतकी ओली हवा खोलीत नसते. ती कूलरच्या अगदी तोंडाशी असते.

तिने आईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"आई, जेवलीस?"

"हो."

"काय खाल्लंस?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग, "भाकर."

"कूलर चालू आहे ना?"

"चालू आहे. सकाळपासून चालू आहे. बंद नाही केला मी."

"तुला गार वाटतंय ना पण?"

"पुढं सरका," आई म्हणाली.

"काय?"

"पुढं सरका म्हणते ना. दारात गर्दी नका करू."

मृणालीने स्कूटरची किल्ली उचलली. जिना उतरता उतरता तिने रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तोंडाला बांधलेल्या ओल्या ओढणीचा खदान लाईन येईपर्यंत पापड झाला होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच वाफेचा भपकारा आला. भाताचं झाकण काढल्यावर येतो तसा.

कूलर डब्याच्या समोर होता. दोघांच्या मध्ये शशिकलाबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांचा एक बोगदा करून चिकटपट्टीने बसवला होता, नीट कापून, कडा दुमडून. गार हवेचा एक थेंब वाया जाऊ नये म्हणून. ती सगळी हवा डब्याच्या तोंडात जात होती आणि पाठीतून तापून, ओलीच्या ओली, बंद खोलीत पडत होती. आई खाटेच्या कडेला जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, मान कलंडलेली. अंगाला घाम नव्हता. हात लावला तर तव्यासारखा चटका बसला.

मृणालीच्या पिशवीत कायम तापमापक असे. डब्याच्या तोंडाशी तेहतीस. आईच्या डोक्याशी चव्वेचाळीस पूर्णांक सहा.

तिने तो बोगदा ओरबाडून काढला, कूलर आईकडे फिरवला, डब्याची बॅटरी काढून वायर उपटली, खिडकी उघडली. माठातलं पाणी आईच्या अंगावर ओतलं, चादर भिजवून गुंडाळली. फ्रीजमध्ये बर्फाचा एक ट्रे होता, तो फडक्यात बांधून काखेत धरला.

आईचा फोन वाजला. मृणालीने कुणाचा आहे ते न बघताच उचलला.

"आपला गृहगणक बंद झाला आहे," फोनमधून तिचाच आवाज आला, शांत, आर्जवी. "आपल्या गल्लीच्या सुरक्षिततेसाठी तो त्वरित सुरू करा."

तिने फोन खाटेवर फेकला.

गडबड ऐकून समोरच्या गीता मेश्राम धावत आल्या. पन्नाशीच्या, अंगाने दणकट, आईच्या रोजच्या सोबतीच्या. त्यांचाही चेहरा लालबुंद होता.

"काय झालं बाप्पा! सकाळी तर बोलल्या माझ्याशी."

"गीताताई, तुमच्या घरी कूलर कुठे आहे?"

"डब्यापाशी. तुमचा मेसेज नव्हता का आला? आणि हे कागदाचं तुमच्या आईनंच शिकवलं आम्हाले. अख्ख्या लाईनीनं केलं. म्हणत होत्या, माझ्या पोरीचं काम आहे, आपल्या लाईनीत लाल दिवा नाही दिसला पाहिजे."

मृणाली दारात आली. दोन्ही बाजूंना सेहेचाळीस दारं, सगळी बंद, आणि आतून कूलरची घरघर. पडद्यावर ही गल्ली गावातली सगळ्यात सुरक्षित गल्ली होती. डबे एकमेकांना तेच सांगत होते, की इथे बाहेर कितीही तापलं तरी आत तेहतीसच असतं. उद्याही तेवढंच असेल. भोंगा वाजायचं कारणच नव्हतं.

तिने बल्की साहेबांना फोन लावला. शब्द एकावर एक पडत होते, तरी त्यांना कळलं.

"तुम्ही म्हणता ते खरं असेलही," ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. "पण एका घरावरून सगळी गल्ली... मी वर विचारतो. अर्धा तास द्या. चुकीचा भोंगा वाजला, तर पुढच्या वेळी लोक घराबाहेर पडणार नाहीत."

"साहेब, अर्धा तास नाहीये."

"मग निदान मला आणखी दोन घरांचे आकडे द्या."

रुग्णवाहिका आली. आईला स्ट्रेचरवर घेतलं. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि मृणालीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. आत बसायला एकाच माणसाची जागा होती.

मृणालीच्या टॅबमध्ये दुरुस्तीसाठी डबे थांबवायची सोय होती. ती छोट्या रेडिओवरून चालायची, त्यामुळे ज्या घरातला डबा थांबवायचा त्या घरासमोर उभं राहावं लागे. चोवीस डबे मुके झाले, की भोंगा आपोआप वाजणार होता. त्यातला एक तिने आताच बंद केला होता.

परिचारिका ओरडली, "कोण येतंय सोबत? लवकर!"

मृणालीने आईची बोटं एकेक करून सोडवली. ते करताना तिला आईकडे बघवेना. "गीताताई, तुम्ही जा. मी आलेच मागून."

"तुम्ही नाही येत?" गीताताईंना कळेना. "पोरगी आहात तुम्ही त्यांची."

"जा ना ताई!"

दार लागलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मृणाली भर उन्हात तिसाव्या घरापुढे उभी राहिली. टॅबवर बोट दाबायचं, तीनदा 'होय' म्हणायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं. एका डब्याला जवळजवळ मिनिट लागत होतं. तेवढ्या वेळात ती दार ठोठावायची.

"कूलर माणसाकडे फिरवा! डबा सोडा! खिडक्या उघडा!"

काही दारं उघडली. एका म्हाताऱ्याने तिला हाकलून दिलं, आमचा डबा हिरवा आहे म्हणाला. एका घरात दोन जावा आणि त्यांचे सासरे ओल्या फरशीवर पडले होते, उठवलं तर उठले, पण पाय टाकता येईना. प्रत्येक घरात तसाच बोगदा, कुठे कॅलेंडरचा, कुठे लग्नपत्रिकांचा, सगळे नीट कापलेले. तिच्या डोळ्यांपुढे पांढरे ठिपके यायला लागले. नळ दिसेल तिथे ती डोकं खाली घालत होती.

एकोणिसावा डबा कन्नाकेंचा होता. देवाजी कन्नाके, खाणीतून निवृत्त झालेले, आईपेक्षा पाच वर्षांनी मोठे. दार ढकललं, तर ते कूलरशेजारच्या खुर्चीत बसलेले होते. पायाशी पाण्याची बादली, हातात तांब्या. कूलरमधलं पाणी संपू नये म्हणून ते तिथे राखण करत होते. डब्याचा हिरवा दिवा चालू होता. मृणालीने त्यांच्या मानेला हात लावला, नाकाशी धरला, पुन्हा मानेला लावला.

मागच्या अंगणातून त्यांची बायको तुळसाबाई पदर सावरत आल्या. "कोण आहे? मले घुसमटलं म्हणून मी जराशी लिंबाखाली बसली. यांनले म्हटलं चला, तर म्हणे डब्याले पाणी कोण घालणार? अजून उठले नाहीत का?"

मृणालीने तुळसाबाईंचा हात धरला, आणि दुसऱ्या हाताने टॅबवर बोट दाबलं, कारण अजून पाच उरले होते. त्या क्षणी आपण जे केलं, ते नंतर कुणालाही समजावून सांगता येणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

तीन वाजून बारा मिनिटांनी खदान लाईनचा भोंगा वाजला.

थंडगाड्या आल्या, स्वयंसेवक आले. बल्की साहेब स्वतः आले, आणि पहिल्याच घरात शिरून बाहेर आल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता गावभर भोंगे वाजवायला सांगितलं. असेच बोगदे आणखी नऊ गल्ल्यांत निघाले. संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी माणसं दवाखान्यात पोहोचली. गावात पाच गेली. त्यातली दोन खदान लाईनमधली.

सहा वाजता मृणाली दवाखान्यात पोहोचली. आईचं तापलेलं अंग निवलं होतं, पण दोन दिवस मूत्रपिंडांचा भरवसा नव्हता. गीताताई बाकावर बसून होत्या. त्यांनी मृणालीकडे बघितलं, तिचे सोललेले ओठ बघितले, आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. रुग्णवाहिकेत आईने तीनदा तिला हाक मारली होती, हे त्यांनी पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शशिकलाबाई नीट बोलल्या.

"डबा बंद पडला का गं?"

"मी बंद केला."

"का? मी तर बरोबर ठेवला होता त्याले." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकदाही ठपका आला नव्हता. "काय चुकलं माझं?"

"तुझं नाही चुकलं, आई. माझं चुकलं."

"मेसेज तसाच होता. गार हवा द्या."

"हो. तो मी लिहिला होता."

आई म्हणाल्या, "कन्नाके भाऊजींनले मीच दाखवलं होतं, कसं कापायचं ते." त्या भिंतीकडे वळल्या.

चौकशीत बल्की साहेबांनी काही लपवलं नाही. मृणालीनेही नाही. संवेदकाची जागा कुणी सुचवली, असं विचारलं तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं. पुस्तिका कुणाची, तेव्हाही. संदेश कुणाचा, तेव्हाही. समितीतल्या एका बाईंनी पुस्तिका चाळून विचारलं, "यात माणूस कुठे बसेल, याचा उल्लेख नाही?"

"नाही," मृणाली म्हणाली. "आठ पानांत कुठेच नाही."

तिला कामावरून दूर करण्यात आलं. ती आईला घेऊन स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिली. आई आता भिंतीला धरून चालत, आणि एखादा शब्द मध्येच हरवत असे. दोघी फार बोलत नसत.

जूनचे दहा दिवस गेले तरी पाऊस नव्हता आणि पारा पुन्हा सेहेचाळीसवर गेला होता. लोकांनी डबे घराबाहेर काढून ठेवले होते, काहींनी गटारात टाकले होते. मुक्या डब्यांमुळे भोंगे उगाच वाजत राहायला लागले, म्हणून केंद्राने तेही बंद करून ठेवले होते. नवा संवेदक तयार झाला होता, बटणाएवढा, दोरीला बांधून कुठेही टांगता येईल असा. पण तो घ्यायला कुणी दार उघडत नव्हतं. गाव पुन्हा आंधळं होतं.

बल्की साहेब मृणालीच्या घरी आले. "दुसऱ्या कुणाला आत घेत नाहीत," ते म्हणाले. "तुम्हाला तरी घेतील की नाही, माहीत नाही. हुकूम नाही माझा. विचारतोय."

आई खिडकीशी बसून होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "पण आधी तुळसाबाईकडे जा. तिनं नाही म्हटलं, तर दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहू नको."

मृणाली सकाळी नऊ वाजता कन्नाकेंच्या दारात उभी राहिली. डबा ओट्यावर पडला होता, तोंड भिंतीकडे. तुळसाबाईंनी दार उघडलं आणि आडव्याच उभ्या राहिल्या.

"काहून आलीस?"

तिने काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. ते तिने सोडून दिलं.

"मला माफ करा असं म्हणायला आले होते. पण ते म्हणायचा मला हक्क आहे की नाही, तेही कळत नाही."

"माफीनं ते येतील?"

"नाही."

"तुझी माय कशी आहे?"

"चालते थोडी."

तुळसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. उन्हाने आताच ओटा तापायला लागला होता. "परवा पलीकडच्या लाईनीत पोटुशी पोर गेली," त्या म्हणाल्या. "भोंगा असता तर गेली नसती म्हणतात."

"असता तर नसती गेली."

तुळसाबाई दारातून बाजूला झाल्या.

मृणाली आत आली. खिडकी, भिंती, मोकळी जागा यांवरून तिची नजर सवयीने फिरायला लागली, आणि तिने ती मुद्दाम आवरली. हातातलं बटण मुठीत धरून ती तुळसाबाईंकडे वळली.

"काकू, तुम्ही दुपारी कुठे बसता?"

तुळसाबाईंनी आधी खुर्चीकडे बघितलं. मग हळूहळू चालत मागच्या दाराशी गेल्या, उंबऱ्याजवळची गोधडी सारखी केली, आणि तिच्यावर बसून दाखवलं. "इथं. पाठ अशी टेकवून."

मृणाली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, चौकटीच्या खिळ्याला तिने दोरी बांधली. मग उठून, डबा कुठे राहील ते बघायला लागली.